बेलसुद्धा बॅटरीवर

४ तारीख, मंगळवार

लिहायचं लिहायचं म्हणून ही वही माझ्या सॅकमधून कितीतरी गावं फिरून आली. पहिल्या पानावर टकलीने काढलेलं मांजर आहे, दुसऱ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग, आणि पुढे सगळं कोरं. (टकली माझी मैत्रीण. पैजेवर डोकं भादरलं आणि मग ते तसंच बरं वाटलं म्हणून ठेवलं.) रोज ठरवायचं उद्यापासून लिहू, आणि उद्या काहीतरी वेगळंच निघायचं. आज लिहितेय, कारण दुसरं काहीच करता येत नाही. वीज गेलीय. वीज गेली की बाबांजवळ कुणीतरी बसायचं असतं, आणि या घरात 'कुणीतरी' म्हणजे मी. दादा वरच्या मजल्यावर ऑफिसच्या फोनवर, वहिनी शाळेत शिकवायला. मी बिनकामाची, नापास आणि अविवाहित, म्हणजे अगदी योग्य उमेदवार.

दादाने फोनवर सांगितलं होतं, "बाबांना घरी ऑक्सिजनचं मशीन लागलंय, चार दिवस येऊन जा." त्या चार दिवसांना आता शेपूट फुटलंय.

बाबा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होते. आमच्या लहानपणी ते घरी पाहुण्यासारखे यायचे, जेवायचे, झोपायचे, आणि बूट घालून निघायचे. आई, आता नाही ती, दारात उभी राहायची. आता त्यांच्या नाकात नळी आहे, आणि नळी पुरते तेवढंच त्यांचं जग: पलंग, खिडकी, संडासाचं दार. मशीनला आम्ही म्हैस म्हणतो. दिवसभर कोपऱ्यात उभी राहून फुस्स-घुर्र, फुस्स-घुर्र रवंथ करते. वीज गेली की ती किंचाळते, भोंगाच आहे तिच्यात तसा. मग धावत जाऊन बाबांना सिलिंडरवर घ्यायचं. सिलिंडरला बाबा स्टेपनी म्हणतात. स्टेपनी थोडाच वेळ पुरते आणि ती भरून देणारा माणूस 'निघालोय, निघालोय' म्हणत घरीच बसलेला असतो. वीज परत आली की म्हशीचं बटण दाबायचं, पण नुसतं टेकवून चालत नाही. ती हंबरेपर्यंत दाबून धरावं लागतं.

वीज कंपनीने कळवलंय की उपकेंद्राचं काम निघालंय, पुढचे काही महिने असंच चालणार, आणि जाईल तेव्हा जास्त वेळ जाईल. डॉक्टर म्हणाले, सोय करा. दादा म्हणाला, घरगुती बॅटरी घेऊ. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "भिंगे, तू बघ चार दुकानं. तुला फिरायची हौस आहेच."

भिंगरी हे बाबांनी ठेवलेलं नाव. त्यांनी ते कौतुकाने ठेवलं होतं. दादा ते कसं म्हणतो ते लिहून दाखवता येत नाही.

७ तारीख, शुक्रवार

पहिलं दुकान जुन्या बाजारात. दुकानदार कानावर पेन्सिल लावलेला, आणि दोन्ही हातांनी बॅटरी उचलून दाखवणारा. "वजन बघा ताई! वजन म्हणजे शिसं, शिसं म्हणजे ताकद!" मी उचलून बघितली, कंबरेत उसण भरता भरता राहिली. हिच्यात मधूनमधून पाणी घालावं लागतं, आणि अर्ध्याच्या खाली उतरवली की लवकर मरते. म्हणजे भांडंभर दूध विकत घ्यायचं आणि अर्धंच प्यायचं.

"किती तास चालेल?" मी विचारलं.

"आठ तास!"

"कशावर?"

"म्हणजे?"

"पंख्यावर आठ, की म्हशीवर आठ?"

मी म्हशीबद्दल समजावून सांगितलं. त्याने कानावरची पेन्सिल काढली, पुठ्ठ्यावर काहीतरी आकडेमोड केली आणि म्हणाला, "पेशंटला पंखा लागतोच का?"

दुसऱ्या दुकानात काचेचं दार, थंड हवा, आणि केस घट्ट बांधलेली एक बाई. तिथे बॅटरी म्हणजे भिंतीवरचा पांढरा गुळगुळीत डबा. लिथियम. पाणी नको, वास नको, जवळजवळ शेवटच्या थेंबापर्यंत वापरा. किंमत ऐकून मी पण त्या डब्यासारखी पांढरी पडले. पण बाई मला आवडली, कारण तिने पहिलाच प्रश्न बरोबर विचारला: "वीज गेल्यावर काय काय चालू राहिलं पाहिजे? ते आधी घरात ठरवा. बहुतेक घरात भांडणं तिथेच होतात."

मग परत येताना एक माणूस फुटपाथवर जुन्या बुटांना नवे तळवे लावत होता. त्याच्याकडे बघत उभी राहिले ती राहिलेच. किती छान चिकटवत होता. घरी पोचले तेव्हा दादा दारात.

"वीज दोनदा गेली. वहिनीला शाळेतून अर्ध्यातून यावं लागलं."

"तू होतास ना वर?"

"माझी मीटिंग होती."

वहिनी काही बोलली नाही. न बोलण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

८ तारीख, शनिवार

काचेवाल्या बाईचं म्हणणं खरं ठरलं. दुकानाचा वायरमन घर बघायला आला. म्हणाला, डबा सगळं घर ओढणार नाही, कोणते पॉइंट बॅटरीवर घ्यायचे ते सांगा.

दादा म्हणाला, "वरचा एसी आणि माझं कॉम्प्युटरचं टेबल."

मी म्हणाले, "एसी घेतलास तर म्हैस किती वेळ चालेल?"

वायरमन म्हणाला, "एसी घेतला तर कुणीच फार वेळ चालणार नाही."

"मी घरून काम करतो," दादा म्हणाला. "हे घर त्या कामावर चालतं."

"आणि बाबा हवेवर चालतात!"

जरा मोठ्यानेच बोलले. बाबा पलंगावरून म्हणाले, "भांडा, भांडा. मला बरं वाटतं, गाडीत पॅसेंजर असल्यासारखं."

मग वहिनी म्हणाली, "वरचं काही नको." एवढंच. दादाने तिच्याकडे बघितलं, तिने दादाकडे. वरचं काही नको! त्यागमूर्ती. उद्या फोटो काढून भिंतीवर लावू.

मग ठरलं: म्हैस, बाबांचा पंखा, बाबांचा दिवा, स्वयंपाकघरातला एक दिवा. वायरमन उठणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "आणि बेल."

"कसली बेल?"

"दारावरची. ती पण बॅटरीवर घ्या."

दादा हसला. "बाबा, वीज गेल्यावर आपल्याकडे कोण येणार आहे?"

"कुणी आलं तर."

"दार वाजवेल की."

"मला उठता येत नाही, ऐकू कमी येतं. बेल ऐकू येते," बाबा म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून पडले. वायरमन म्हणाला, बेल काय, चिमणीएवढं खाते, घेऊ. बाबांची हौस झाली.

१४ तारीख, शुक्रवार

डबा बसला. भिंतीवर पांढरा, मध्ये हिरवा डोळा. म्हशीशेजारी बगळा.

ट्रायल घ्यायची म्हणून सगळे जमलो. वायरमन म्हणाला, "पेशंट मशीनवर नको बरं का. काही उलटसुलट झालं तर माझ्या डोक्यावर." दादालाही तेच हवं होतं. त्याच्याइतका काळजीखोर माणूस दुसरा नाही. म्हशीला बंद केलं, बाबांना स्टेपनीवर घेतलं, आणि वायरमनने मेन स्विच खाली ओढला.

दिवा मिचकावलासुद्धा नाही! पंखा फिरतच. दादाने टाळ्या वाजवल्या. मी बाहेर पळत जाऊन बेल वाजवली, वाजली. आत येऊन म्हशीचं बटण दाबून धरलं, म्हैस हंबरली आणि बॅटरीवर रवंथ करू लागली. बाबांना नळी परत लावली. मला खरंच नाचावंसं वाटलं. वायरमनने चहा घेतला, सही घेतली आणि गेला.

मग दादाने स्क्रू ड्रायव्हर आणून म्हशीचा भोंगा काढून टाकला. "मीटिंगमध्ये लोक विचारतात, घरात काय ओरडतंय. आता गरजच काय त्याची?" बाबा म्हणाले, "माझा हॉर्न काढलास रे." आम्ही हसलो.

दादाने मोबाईलवर दाखवलं की डब्यात किती शिल्लक आहे ते आता त्याला कुठूनही दिसतं. "जगाच्या पाठीवर कुठूनही," म्हणाला. मी तेव्हा त्या वाक्याकडे लक्ष दिलं नाही. मी स्वतःच जगाच्या पाठीचा विचार करत होते. टकलीचा निरोप आलाय: डोंगरावर एक पाहुण्यांची लॉज उघडतेय, स्वयंपाकघरात आणि खोल्या आवरायला माणसं हवीत, खिडकीतून ढग आत येतात म्हणे. माझी जागा धरून ठेवलीय.

खरं लिहायचं तर त्या डब्याकडे बघून मला पहिलं हेच वाटलं, सुटले.

१६ तारीख, रविवार

दुपारी वीज गेली. मी कोपऱ्यावर साबण आणायला गेले होते. (साबण आणि नंतर एका कुत्रीची पिल्लं. पाच होती, एकाचा कान उलटा.) रस्त्यावर सगळी दुकानं अंधारात, आणि मी ऐटीत घरी. आमच्याकडे दिवा चालू, पंखा चालू, म्हैस रवंथ करत. वहिनी म्हशीपाशी उभी होती, एक हात तिच्या पाठीवर ठेवून. बाबा घामाने निथळत होते. पंखा फुल्ल असून घाम.

"काय झालं?"

वहिनीने बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "काय व्हायचंय? झकास चाललंय. सूनबाई, तुम्ही आता वर जा."

ती जाईना. "बाबा, यांना सांगते मी..."

"सूनबाई." ड्रायव्हरचा आवाज लावला त्यांनी. "सांगितलं ना, वर जा म्हणून."

ती गेली. डोळे लाल. काहीतरी कुरबूर झाली असणार दोघांची. मी नसताना ती बाबांना काय बोलते देव जाणे.

१७ तारीख, सोमवार

बाबांना नवं खूळ. पलंग फिरवून हवाय. डोकं इकडे, पाय तिकडे, म्हणजे तोंड म्हशीकडे येईल. "आयुष्यभर इंजिनाशेजारी झोपलो, सवय आहे." दादाला आणि मला घाम फुटला, पण फिरवला. मग म्हणाले, कपाटामागची माझी लांब छत्री दे. छत्री! घरात! मी म्हणाले, "छतातून गळतंय का?" तर म्हणाले, "पाठ खाजते." दिली. आता ती उशाशी घेऊन झोपतात, राजा तलवार घेऊन झोपतो तसे.

म्हातारपण लहानपणासारखं असतं म्हणतात. लहानपणी निदान गोंडस तरी दिसतात.

२१ तारीख, शुक्रवार

बॉम्ब फुटला. दादाची बदली. पुढच्या आठवड्यात जायचंय, वहिनीलाही तिथल्या शाळेत मिळालंय. दादाला हे महिनाभर माहीत होतं. महिनाभर! म्हणजे मला बोलावलं तेव्हाच माहीत होतं. 'चार दिवस येऊन जा.' आणि 'वरचं काही नको' त्यातलंच, वर कुणी राहणारच नाही तर एसी कशाला!

"मग बाबा?" मी विचारलं.

"तू आहेस. आणि बाबांची सोय केलीय की आपण," आणि त्याने डब्याकडे हात केला.

सोय. काय शब्द आहे. मी पण मनात तोच वापरत होते. लॉजवर जायचा विचार करताना रोज स्वतःला सांगत होते, बाबांची सोय झालीय. माझा शब्द त्याच्या तोंडून ऐकला आणि त्याला तिथेच बुक्की मारावीशी वाटली.

"मी पण जाणार आहे," मी सांगून टाकलं.

"कुठे?"

"डोंगरावर."

"डोंगरावर!" त्याने वहिनीकडे असं बघितलं की जणू मी सांगितलं, चंद्रावर.

बाबा मध्येच म्हणाले, "जाऊ दे रे तिला. तुम्ही पण जा. स्वयंपाकाला मावशी येते दोन वेळा. डबा आहे, म्हैस आहे. मला काय धाड भरलीय?"

वहिनी भिंतीला टेकून उभी होती. "मी नाही जात," ती म्हणाली.

दादा म्हणाला, "पुन्हा तेच सुरू करू नकोस."

"सूनबाई," बाबा म्हणाले, "मला वचन दिलंय तुम्ही."

कसलं वचन कोण जाणे. सासरा-सुनेची नाटकं. मी उठून गच्चीवर गेले.

२८ तारीख, शुक्रवार

गेले. ट्रक आला, वरचा मजला रिकामा झाला. दादा बाबांच्या पाया पडला तेव्हा खरंच रडला, मला त्याची दया आली आणि दया आल्याचा राग आला. वहिनी शेवटपर्यंत बाबांच्या खोलीत. बाहेर येऊन माझा हात धरून म्हणाली, "वीज गेली की त्यांच्या खोलीत जात जा. लगेच. बॅटरी असली तरी."

"बॅटरी कशाला घेतली मग?"

ती काहीतरी बोलणार होती. आतून बाबांनी खोकल्यासारखं केलं. ती टॅक्सीत जाऊन बसली. जाता जाता पण हुकूम सोडून गेली.

१ तारीख, सोमवार

वीज दोनदा. दोन्ही वेळा मी अंगणात कपडे वाळत घालत होते. दोन्ही वेळा आत गेले तेव्हा म्हैस चालू, बाबा छत्री मिठीत घेऊन हसत. "बघ," म्हणतात, "मक्खन." पण बोलताना दम लागलेला. डॉक्टरांना फोन केला, म्हणाले, आजारच पुढे सरकणारा आहे.

तर आजार पुढे सरकतोय. सगळेच पुढे सरकतायत. दादा सरकला. फक्त माझीच बस उभी.

टकलीला कळवलं, शनिवारी निघते. मावशी म्हणाली, मी आहे सकाळ-संध्याकाळ, जा बाई, तरण्या पोरीने किती दिवस नळी धरून बसायचं. बाबांनी माझ्या सॅकचा बंद स्वतः ओढून बघितला, घट्ट आहे का. विचारत होते, कुठल्या रस्त्याने जाते ती गाडी, घाट कुठला, ड्रायव्हर घाटात गाणी लावतो का. "घाटात गाणी लावणाऱ्याच्या गाडीत बसू नये." किती खूश होते. मी जाणार म्हणून इतके खूश! मला वाईट वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

६ तारीख, शनिवार

ही ओळ तिसऱ्यांदा लिहितेय. अक्षर बघ.

जेवण करून निघाले. स्टँडवर दोन ड्रायव्हर रिव्हर्स घेण्यावरून भांडत होते. एकजण म्हणत होता, तुझ्या आरशात तुला फक्त तुझंच तोंड दिसतं काय रे. मी हसत ऐकत उभी राहिले, बाबांना फोनवर सांगायला हवं म्हणून शब्द न् शब्द पाठ करत होते. आणि पलीकडून माझी बस निघून गेली. पुढची संध्याकाळी. म्हटलं, घरी जाऊन चहा पिऊ, बाबांना भांडण साभिनय दाखवू.

आमच्या रस्त्याला आले तर वीज गेलेली. जनरेटरचा धूर, दुकानदार बाहेर खुर्च्या टाकून. मी बेफिकीर. लांबून आमची खिडकी दिसली, दिवा चालू. मला त्या दिव्याचा अभिमानसुद्धा वाटला. गंमत म्हणून बेल वाजवली. वाजली. आतून हाक नाही. पुन्हा वाजवली. मग किल्ली लावली.

दिवा चालू. पंखा चालू. डब्याचा डोळा हिरवागार. आणि खोलीत आवाज नाही.

रवंथ नाही. एवढी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती. बाबा अर्धे पलंगाबाहेर, एक हात लोंबकळत, ओठ जांभळे. छत्री घरंगळून पार कपाटाखाली गेलेली. मी म्हशीवर पडलेच. बटण दाबलं, दाबलं, सोडवेना. ती हंबरली. नळी त्यांच्या नाकात नीट बसवली, त्यांना उचलून उशीला टेकवलं, पाठ चोळली. कितीतरी वेळाने ओठांवर रंग आला.

डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि पहिलं काय म्हणाले?

"बस चुकली?"

७ तारीख, रविवार

डॉक्टर येऊन गेले. थोडक्यात वाचले म्हणाले. दुकान आज बंद. मी म्हशीशेजारी चटई टाकून बसलेय, उठायची नाही.

सकाळी विचारलं, "छत्री कशासाठी होती?"

"पाठ."

"बाबा."

मग सांगितलं. वीज गेली की डबा लगेच पकडतो, पण मध्ये एक क्षण जातो. दिव्याला तो कळतही नाही. म्हैस मात्र तेवढ्यात मान टाकते, आणि मग कुणी बटण दाबेपर्यंत उठत नाही. पहिल्याच वेळी त्यांच्या लक्षात आलं होतं. नंतर प्रत्येक वेळी ते पडल्या पडल्या छत्रीच्या टोकाने बटण दाबून धरायचे. काल टोक सटकलं.

मी ओरडले. आजारी माणसावर ओरडू नये, पण ओरडले. "सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस?"

"नाही!"

"मग."

"मग काय मग? तुम्ही मेला असता!"

"भिंगरे, ब्रेक जरा ढिला आहे हे ड्रायव्हर पॅसेंजरला सांगत नसतो. स्टँडवर उतरवतो, आणि मग स्वतः बघतो." मग म्हणाले, "तुझी आई मला कधी थांब म्हणाली नाही. एकदाही नाही."

आईचं मध्येच काय काढलं मला कळलं नाही. मला इतका राग आलाय की कळून घ्यायचंही नाही. मला सोडून दिल्याचं दाखवायचं आणि छत्री घेऊन असं मरायचं. म्हणजे मी डोंगरावर ढग बघत असते आणि जन्मभर... जाऊ दे.

दादाला फोन केला. इतकंच सांगितलं की म्हैस बंद पडली होती, बाबांना त्रास झाला, आता बरे आहेत.

"शक्यच नाही," तो म्हणाला. "काल मी बघितलं होतं मोबाईलवर. बॅटरी भरलेली होती. सगळं हिरवं दिसत होतं."

"हो. हिरवंच होतं."

मग वहिनीने त्याच्याकडून फोन घेतला. म्हणाली, "बटण कुणी दाबलं? तू, की बाबांनी?"

"मी."

"छत्री?"

"पडली होती."

तिने फोन ठेवला. काय ती बाई! माणूस मरता मरता वाचलाय आणि हिला चौकशी, बटण कुणी दाबलं, छत्री कुठे होती. बाबा कसे आहेत हे विचारलं नाही.

८ तारीख, सोमवार

सकाळी वायरमन आला. डब्याच्या खालच्या बाजूला हात घातला, नखाने एक खटका सरकवला. झालं. नखाने!

"ही सेटिंग कॉम्प्युटरसाठी असते, हिच्यात मधला क्षण जात नाही," म्हणाला. "वायरिंग करताना साहेबांनी कॉम्प्युटरचं टेबल रद्द केलं, म्हणून मी साधीवर ठेवली."

"म्हैस होती ना!"

"ती ट्रायलला बंद होती, ताई. चालू असती तर तेव्हाच दिसलं असतं. आणि हिच्यात भोंगा असतो की, तो कसा नाही वाजला?"

भोंगा दादाने काढलाय, ते सांगितलं. बाबांना काही होऊ नये म्हणून आम्ही ट्रायलला नेमकी म्हैसच बंद ठेवली होती. बाबांना स्टेपनीवर घ्यायचं आणि म्हैस रिकामीच चालू ठेवायची, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. आज तसं केलं. मेन खाली ओढला, वर केला, पुन्हा ओढला. म्हैस रवंथ करतच राहिली. तिला पत्ताही नाही.

वायरमन गेल्यावर बाबा म्हणाले, "आता खरंच सोय झाली. संध्याकाळची गाडी आहे ना?"

टकलीचाही निरोप येऊन पडलाय: येतेस की दुसरी बघू. तो तसाच ठेवलाय. छत्री कपाटाखालून काढली, आणि कुठे ठेवायची ते कळेना म्हणून पुन्हा त्यांच्या उशाशी ठेवली. त्यांनी ती हळूच माझ्याकडे सरकवली. मी परत त्यांच्याकडे. असे आम्ही दोघं.

आत्ता दुपार. वीज गेलीय. खरीखुरी, कंपनीने घालवलेली. म्हैस थांबली नाही. तिच्याकडे बघत बसलेय आणि सुटले असं वाटत नाहीये. आता जायला अडचण एकही उरली नाही, आणि मला अडचण हवी होती की काय, कोण जाणे.

बेल.

बाबा म्हणतायत, "बघ. म्हटलं होतं ना, कुणी आलं तर."

खिडकीतून बघितलं. फाटकात टॅक्सी वळतेय. दारात वहिनी आहे. एकटीच. दादा नाही, हातात एक बॅग, साडी प्रवासात चुरगळलेली, आणि माझ्याकडे बघत नाहीये, कुणाकडेच बघत नाहीये. बेल थांबतच नाही. तिने बटणावर बोट ठेवलंय आणि ते तसंच दाबून धरलंय, जोर लावून, सोडलं तर आत काहीतरी बंद पडेल असं.

दार उघडायला जाते.